वाकडीचे माहेर

मित्रांनो, मी एक म्हातारी उंटीण आहे. गोबीच्या वाळवंटात माझा जन्म झाला, त्याला आता छत्तीस वर्षे झाली. माझ्या पाठीवर दोन मदारी, म्हणजे चरबीचे उंचवटे आहेत. त्यांतली पुढची जन्मापासूनच डावीकडे कललेली, म्हणून माझे नाव पडले वाकडी. मला त्याचे कधी वाईट वाटले नाही. सरळ मदारींच्या उंटिणी या वाळवंटात हजारोंनी आहेत. वाकडी मी एकटीच.

माझ्या मालकाचे नाव त्सेंद. तो बोलायचा कमी आणि तपकीर ओढायचा जास्त. त्याची बायको दोल्गोर दोघांच्याही वाटचे बोलायची. त्यांची मुलगी सेवजिद तेव्हा नऊ वर्षांची होती. मी जन्मले त्या दिवशी बोचरा वारा सुटला होता. सेवजिदने मला आपल्या जुन्या अंगरख्यात गुंडाळले आणि ओढत ओढत घरात आणले. लाकडी जाळीवर लोकरीचे जाड थर पांघरलेले ते गोल घर, मध्ये शेण्यांवर धगधगणारी लोखंडी चूल. माझी पहिली आठवण त्या उबेची आहे.

तिसऱ्या वर्षी माझ्या नाकात लाकडाची खुंटी घातली. दुखले, खोटे कशाला सांगू? पण त्यानंतर मी कामाची झाले. वर्षातून चार वेळा आमचे बिऱ्हाड हलायचे. घराच्या जाळ्या, लोकरीचे थर, पेट्या, भांडी, सगळा संसार आमच्या पाठीवर चढायचा. सामान बांधताना त्सेंद नेहमी एकच वाक्य बोलायचा, "चूल वाकडीवर द्या. तिचा पाय अडखळत नाही."

घरातली सर्वांत मानाची वस्तू माझ्या पाठीवर! मग मी मान उंच करून चालत असे.

सेवजिद अठरा वर्षांची झाली आणि तिचे लग्न ठरले. नवरा दाग्वा डोंगरापलीकडचा, सहा दिवसांच्या वाटेवरचा. त्सेंदने मुलीबरोबर मला दिले. निघताना दोल्गोरने डावाने दूध उडवून आम्हांला निरोप दिला. ती तोंडाने हसत होती आणि डोळ्यांतून पाणी गाळत होती. सेवजिद माझ्या दोन मदारींमध्ये बसली होती. तिने एकदाही मागे वळून पाहिले नाही. मी मात्र वाटेतला एकेक दगड, एकेक झुडूप पाहून ठेवत होते.

कारण मला परत यायचे होते. आम्ही उंट असेच असतो. जिथे जन्मलो ती जागा आमच्या पायांना ठाऊक असते.

महिनाभरात मी दोर तोडून माहेरी पळून आले. दोल्गोरने कपाळावर हात मारला. "अगं बये! पोरगी तिकडे नांदतेय आणि तू इकडे पळून आलीस?" पाठोपाठ दाग्वा मला न्यायला आला. पुढच्या वर्षी मी पुन्हा पळाले, तो पुन्हा आला. या खेपेला दोल्गोरने त्याला चहा देता देता टोमणा मारलाच. "लोकांचे जावई बायकोला न्यायला येतात, आमचा जावई उंटिणीला न्यायला येतो!" दाग्वा बिचारा कानापर्यंत लाल झाला. त्सेंदने गंभीर चेहऱ्याने तपकिरीची डबी त्याच्यापुढे धरली. पण त्याचे खांदे हसण्याने हलत होते, ते मी दारातून पाहिले.

लग्नाला तिसरे वर्ष लागले आणि तो हिवाळा आला. आधी बर्फ पडले, मग दोन दिवस ऊन पडून ते वितळले आणि लगेच कडक थंडीने गोठले. सगळ्या गवतावर काचेसारखा थर चढला. जनावरांना खाली चारा दिसायचा, पण तोंडाला लागायचा नाही. आमच्याकडे याला जुद म्हणतात. हा शब्द ऐकला की म्हातारी माणसे बोलणे थांबवतात.

शेजारची बिऱ्हाडे आधीच दक्षिणेला निघून गेली होती. आम्हीही जाणार होतो. पण उधळलेले घोडे आणायला गेलेला दाग्वा बर्फावरून घसरला आणि त्याची मांडी मोडली. घरात तो, त्याची म्हातारी आई यांजमा, सेवजिद आणि तिचे सात महिन्यांचे मूल. घोडे गेले ते गेलेच. मेंढ्या रोज चार-पाच मरत होत्या. एका सकाळी यांजमाने पिठाची पिशवी उचलून तिचे वजन पाहिले आणि बाहेर येऊन माझ्या मदारी चाचपल्या.

"सूनबाई, हिच्या अंगावर अजून चरबी आहे. ती उतरायच्या आत हिला कापायला हवं."

सेवजिदने माझ्या मानेवर हात ठेवला. मग म्हणाली, "सासूबाई, ही दोनदा पळालीये. तिसऱ्यांदा पळू द्या."

"म्हणजे?"

"मी चिठ्ठी लिहिते. ही माहेरी घेऊन जाईल."

"अगं, जनावर आहे ते! वाटेत मेली तर मांसही गेलं आणि उंटीणही गेली. माझ्या लेकराचा पाय मोडलाय, तुझं पोर दूध मागतंय आणि तू उंटिणीकडे टपाल देतेस?"

आतून दाग्वाचा आवाज आला, "आई, दोनदा आणायला मी गेलोय ना? ती कुठे जाते ते मला विचार!"

 यांजमा आत गेली आणि स्वतःच्या अंथरुणातले लोकरीचे जाड पांघरूण घेऊन आली. ते तिने माझ्या पाठीवर टाकून पोटाखाली घट्ट बांधले. सेवजिदने चिठ्ठी चामड्याच्या तुकड्यात शिवली आणि आपल्या लग्नातल्या निळ्या कमरपट्ट्याने माझ्या गळ्यात बांधली. कुठे अडकायला नको म्हणून नाकातला दोर काढून टाकला.

"जा, वाकडे. आता कोणी तुला पळपुटी म्हणणार नाही."

निरोपाला दूध उडवायचे, पण घरात दूध नव्हते. यांजमाने पातळ चहाचे चार थेंब माझ्या पायांमागे उडवले.

मित्रांनो, सहा दिवसांची ती वाट मला नऊ दिवस पुरली. वाट मला पाठ होती, पण बर्फाने तिचे रूप बदलले होते. चौथ्या दिवशी खारे तळे लागले. ते गोठले होते, आणि सरळ पार गेले तर एक दिवस वाचला असता. मी दोन पावले टाकली. पाय फाकले. आमचे तळवे मऊ असतात, वाळूसाठी केलेले. बर्फावर उंट पडला की पुन्हा उठत नाही. मी मागे वळले आणि काठाकाठाने गेले. सातव्या दिवशी खिंडीत तीन लांडगे माझ्यामागे लागले. आमच्यात जो पळतो तो मरतो. मी एका कड्याला पाठ लावली आणि उभी राहिले. एक जवळ आला, त्याला अशी लाथ बसली की तो लंगडत गेला. बाकीचे दोघे थोडा वेळ बसून राहिले आणि मग उठून गेले. माझ्या दोन्ही मदारी एव्हाना रिकाम्या पिशव्यांसारख्या लोंबत होत्या. मला भीती वाटली का? भूक वाटली. भीतीला जागा नव्हती.

नवव्या दिवशी दुपारी दोल्गोर शेण्या गोळा करताना दिसली. माझ्याकडे पाहताच ती ओरडली, "आली! पुन्हा आली! अहो, जावयाला चहा ठेवा, येईलच मागून!"

मग तिने माझ्या मदारी पाहिल्या. मग निळा पट्टा पाहिला. तिच्या हातातली टोपली खाली पडली.

त्सेंदने चामडे उसवून चिठ्ठी मोठ्याने वाचली. "बाबा, दाग्वाचा पाय मोडलाय. पीठ वीस दिवसांचं आहे. आम्ही हलू शकत नाही. वाकडीला रागावू नका, या वेळी तिला मीच पाठवलंय."

त्याने तपकिरीची डबी काढली.  ती न उघडताच परत अंगरख्यात टाकली आणि तो उंटांवर ओझी चढवायला लागला. सात उंट, पीठ, वाळलेले मांस, गवताचे भारे. मला मात्र त्याने गवतापुढे उभे केले. "तुझं काम झालं. तू खा."

मी खाल्ले. पोटभर खाल्ले. पण तांडा टेकडीपलीकडे जाऊ लागला तेव्हा माझे मला कळले नाही, मी त्यांच्यामागे चालू लागले होते. आयुष्यात पहिल्यांदा मी आपणहून माहेरापासून दूर जात होते. त्सेंदने वळून पाहिले. त्याने मला परत हाकलले नाही, फक्त तांड्याचा वेग थोडा कमी केला.

आठव्या दिवशी आम्ही पोहोचलो. गोल घराच्या धुराड्यातून बारीकसा धूर निघत होता. यांजमा दारात आली. गालांची हाडे वर आलेली, पण पाठ ताठ. "व्याहीबुवा, फार उशीर केलात. चहा निवला." एवढे बोलून ती मटकन खाली बसली. तिने कितीतरी दिवस स्वतःच्या वाटचे सुनेला दिले होते. दाग्वा वाचला, पण कायमचा लंगडा झाला. तीनशे मेंढ्यांपैकी अकरा उरल्या. पण माणूस एकही गेले नाही.

त्या वसंतात त्सेंद परत निघाला तेव्हा दाग्वाने नवा दोर आणला. यांजमाने तो त्याच्या हातातून काढून घेतला. "हिला बांधायचं नाही. लेकीबाळी माहेरी जातात, तशी हिला वाटेल तेव्हा ही जाईल."

तेव्हापासून मी दर वसंतात माहेरी जाते आणि शरदात सासरी परत येते. गळ्यात कधी सेवजिदची चिठ्ठी असे, कधी दोल्गोरने पाठवलेला वाळवलेल्या दह्याचा खाऊ. परत येते म्हणून लोकांना नवल वाटायचे. मला नाही वाटत.

मग मोटारसायकली आल्या, ट्रक आला. चूल आता ट्रकमध्ये जाते. चिठ्ठ्यांचे काम फोन करतो. त्सेंद, दोल्गोर आणि यांजमा गेले. माझ्या पाठीवर कोणी ओझे टाकत नाही, आणि कित्येक दिवस कोणी माझ्याकडे पाहतही नाही. हे जरा लागते. पण मी वाट सोडलेली नाही.

मागच्या वसंतात त्या वाटेवर तारेचे कुंपण उभे राहिले. पलीकडे नवा रस्ता होत होता. मी तीन दिवस त्या तारेपाशी उभी राहिले. चौथ्या दिवशी मुलीच्या मोटारसायकलवर मागे बसून सेवजिद शोधत आली. आता तिचे केस पिकले आहेत. रस्त्याच्या मुकादमाला ती म्हणाली, "साहेब, ही बाई माहेरी निघालीये. तिला वाट द्या, नाहीतर मी इथेच बिऱ्हाड मांडते." मुकादम हसला. ती हसली नाही. तिने खरोखरच तीन दगड मांडून चूल पेटवली, चहा टाकला आणि पहिला पेला त्यालाच दिला. तिसऱ्या दिवशी कुंपणात फाटक बसले.

मित्रांनो, तुमच्याही गावाभोवती कुंपणे असतील. घाला, तुमची गरज असेल. पण कोणाची तरी जुनी वाट तिथून जाते का, हे आधी पाहा, आणि जात असेल तर एक फाटक ठेवा. म्हाताऱ्या जनावराला याहून जास्त काही नको असते. आमच्या फाटकाला कुलूप नाही, नुसती कडी आहे. ती ओठांनी उघडायला मी शिकले आहे. लावायला मात्र जमत नाही. तेवढे मागून येणाऱ्याने करावे.