दोन पाठींवरचा तंबू

मी एक जुना तंबू आहे. मित्रांनो, वर्षातले तीनशे एकसष्ट दिवस मी कपाटावर पडून असतो आणि उरलेले चार दिवस डोंगरात असतो. ही तक्रार नाही. तुमच्या घरातल्या पाहुण्यांसाठी राखलेल्या कपबश्याही असंच जगतात.

मला दादांनी शिवलं. मोटारींच्या सीटची कव्हरं शिवायचं त्यांचं दुकान आहे. तिथे उरलेल्या मेणकापडातून माझा जन्म झाला. एक बाजू निळी, एक राखाडी आणि दार मरून रंगाचं. ते मरून कापड एका डॉक्टरांच्या गाडीसाठी आणलं होतं. डॉक्टरांनी ऐनवेळी विचार बदलला, म्हणून मला दार मिळालं. काठ्या दादांच्या धाकट्या भावाने आणल्या. शेजारच्या वेल्डरने चौदा लोखंडी खुंट्या करून दिल्या, प्रत्येकी पन्नास ग्रॅम. हे वजन लक्षात ठेवा. मला ते विसरता येत नाही.

धाकटा कुरियरच्या ऑफिसात पार्सलांचं वजन करतो. तुमचा मामा तुम्हाला बघून 'केवढा वाढलास' म्हणत असेल. हा किलोत सांगतो. दरवर्षी पानगळ सुरू झाली की दोघे भाऊ चार दिवस डोंगरातली तीन तळी बघायला जात. निघायच्या आदल्या संध्याकाळी धाकटा दाराच्या चौकटीला ताणकाटा अडकवायचा आणि दोघांच्या पाठपिशव्या अगदी सारख्या वजनाच्या करायचा. पातेलं दादांकडे, झाकण धाकट्याकडे. स्टोव्ह धाकट्याकडे, गॅसचा डबा दादांकडे. एका वर्षी एक बिस्किट जास्त झालं, तर दोघांनी ते उभ्याउभ्या अर्धं अर्धं खाऊन टाकलं.

माझीही वाटणी ठरलेली होती. कापड आणि खुंट्या दादांच्या पाठीवर, काठ्या धाकट्याच्या. मित्रांनो, कापडही मीच आणि काठ्याही मीच. त्यामुळे पुढे मी दोन्हीकडचं सांगू लागलो, तर 'याला कसं कळलं' असं विचारू नका.

अकरा वर्षं हे सुरळीत चाललं. खालचं तळं, मधलं तळं, मग वरचं. वरच्या तळ्यात सकाळी पिवळा पडलेला अख्खा डोंगर उलटा उभा असायचा. मीही त्यात उलटा दिसायचो, मरून दारासकट. दादा दरवर्षी म्हणायचे, "यंदा पाणी जरा कमी आहे." धाकटा म्हणायचा, "दरवर्षी हेच म्हणतोस." येणारे-जाणारे थांबून विचारायचे, "हा तंबू कुठून घेतला हो?" तेव्हा दादांच्या आधी धाकटाच सांगायचा, "आमच्या दादाने शिवलाय." माझ्या आयुष्यातलं कौतुक एवढंच. पण भरपूर होतं.

यंदा दादांचा गुडघा गेला. तपासणाऱ्यांनी सांगितलं, चढणं बंद. दादांनी घासाघीस करून एक फेरी मिळवली. म्हणजे वरच्या तळ्याची ही शेवटची भेट होती, आणि हे फक्त वहिनींना माहीत होतं.

"छोट्याला सांगू नकोस," दादा म्हणाले.

"अहो, पण का?"

"तो मला पाठीवर घेईल. त्याआधी माझं वजन करेल."

वहिनी हसल्या. पण निघायच्या सकाळी दोघे भाऊ कॉफी पीत असताना त्यांनी दादांच्या पिशवीतून खुंट्यांची थैली काढली आणि धाकट्याच्या पिशवीत अगदी तळाला, कपड्यांखाली सरकवली. नवऱ्याच्या गुडघ्याला तेवढाच आराम. मी पाहिलं. मी तंबू आहे, ओरडू शकत नाही.

पहिल्या रात्री खालच्या तळ्यापाशी वनरक्षकाची खोली रिकामी मिळाली, म्हणून मला कुणी उघडलंच नाही. दुसऱ्या दिवशी धाकटा मधल्या तळ्याशी पोचला आणि तासभर दादांची वाट बघत बसला. दादा आले, बसले, आणि मला उभारायला म्हणून धाकट्याने पिशवी उपसली.

"दादा, या खुंट्या माझ्याकडे कशा?"

"तुझ्याकडे कशा असतील? नीट बघ."

"नीट बघूनच बोलतोय." त्याने ताणकाटा काढला. हो, तो काटा बरोबर आणायचा. "सातशे. बरोब्बर सातशे! दोन दिवस तुझं ओझं मी वाहतोय आणि तरी तू तासभर मागे?"

"मी नाही ठेवल्या."

"मग काय चालत आल्या?"

"छोट्या, तोंड सांभाळ."

"अडतीस वर्षांचा आहे मी, छोट्या काय! अरे, मागितलं असतंस तर हसत घेतल्या असत्या. ही चोरी झाली, दादा."

दादांचा हात गुडघ्यावर गेला. एक वाक्य बोलले असते तर सगळं मिटलं असतं. त्यांनी हात काढून घेतला.

"चोर काय मी? बरं. मी वर चाललो."

"काठ्यांशिवाय?"

"तू झोप कापडाशिवाय."

आणि ते खरंच निघाले. मित्रांनो, दोघांचा हिशेब एकच होता. धाकटा म्हणाला, "कापड घेऊन करणार काय? येईल झक मारत." तिकडे चढावर दादा म्हणाले, "काठ्या घेऊन करणार काय? येईल झक मारत." एवढं एकमत त्या दोघांचं अकरा वर्षांत कधी झालं नव्हतं.

संध्याकाळी गारा मिसळलेला पाऊस आला. वर दादांनी मला अंगाभोवती गुंडाळलं आणि ते एखाद्या न पोचलेल्या पार्सलासारखे दगडाला टेकून बसले. खाली धाकट्याने हट्टाने सगळ्या काठ्या उभ्या केल्या, चौदाच्या चौदा खुंट्या ठोकल्या आणि त्या आरपार तंबूत जाऊन झोपला. आत-बाहेर करताना तो दाराच्या जागेतूनच करत होता. शिस्त म्हणजे शिस्त. पाऊस दोघांवर सारखाच पडला. वजन करून वाटल्यासारखा.

सकाळी आकाश निवळलं. वरच्या तळ्यात डोंगर नक्कीच उलटा उभा असणार. मी 'असणार' म्हणतो, कारण ज्यांनी मला पांघरलं होतं ते तळ्याकडे पाठ करून बसले होते. दादा सकाळभर वाटेकडे बघत होते. गुडघा सुजून उशीएवढा झाला होता. ज्याच्यासाठी एवढं चढून आले, ते पाणी पाठीमागे पाच पावलांवर होतं. त्यांनी मान वळवली नाही. वळवली आणि नेमका तेव्हाच तो आला तर?

खाली धाकटा अकरा वाजेपर्यंत चढाकडे बघत होता. मग त्याने काठ्या आवरल्या. "एवढा माज!" असं तो मोठ्याने बोलला आणि उतरायला लागला.

दुपारी दादा मधल्या तळ्याशी आले, तर तिथे जमिनीत चौदा भोकं होती.

त्यानंतर दादांना मशीनचं पायडल उजव्या पायाने दाबता येईना. आता ते डाव्या पायाने दाबतात आणि शिलाई तिरकी जाते. गिऱ्हाइकं काही बोलत नाहीत, पण परत येत नाहीत. वहिनी धाकट्याला फोन करत.

"भावजी, त्या काठ्या तेवढ्या आणून द्या ना."

"त्याला येऊन घेऊन जा म्हणावं."

"ते म्हणतात, त्याला आणून दे म्हणावं." मग जरा थांबून, "भावजी, एक सांगायचं होतं..."

"बोला."

"जेवलात का?"

असं दीड महिना चाललं. शेवटी एका दुपारी वहिनींनी आधी दादांना सांगितलं आणि मग फोनवर धाकट्याला. "खुंट्या मीच ठेवल्या." गुडघ्याचंही सांगितलं. मला वाटलं, आता दार वाजेल. इकडे दादा म्हणाले, "पण चोर म्हणाला ना तो मला?" तिकडे धाकटा म्हणाला, "म्हणजे घरात सगळ्यांना माहीत होतं. परका फक्त मी."

चार दिवसांनी दार वाजलं. कुरियरवाला होता. लांबट पार्सल, वर धाकट्याच्या अक्षरात ग्रॅमपर्यंत अचूक वजन. आत माझ्या काठ्या आणि सगळ्या खुंट्या. चिठ्ठी नव्हती. दादांनी पार्सल उलटं करून हलवून पाहिलं. मग सही केली.

मित्रांनो, आता मी पूर्ण आहे. कापड, काठ्या, खुंट्या, सगळं एका घरात, एका कपाटावर. तुम्हाला वाटेल, तंबू खूश असेल. अहो, मी दोन घरांत अर्धा अर्धा होतो, तोवर कुणाला तरी कुणाकडे यावं लागणार होतं. आता कुणालाच काही कारण उरलेलं नाही.

तेव्हा तंबूची काळजी घ्या. ओला गुंडाळू नका, उंदरांपासून जपा. आणि भांडायचंच झालं, तर आधी तंबू उभा करा आणि आत बसून भांडा. तंबूतून बाहेर पडायला माणसाला गुडघ्यांवर रांगावं लागतं. रांगत रांगत कुणालाही फार तोऱ्यात निघून जाता येत नाही.