भरलेल्या टाकीचं कोडं

मित्रांनो, माझ्या पोटात काय आहे ते बाहेरूनच दिसतं. मी एक जुनी प्लास्टिकची टाकी आहे. कुरखेड्याहून आरमोरीच्या बाजाराला माणसं नेणाऱ्या एका काळ्या-पिवळ्या जीपच्या बॉनेटखाली, अगदी कोपऱ्यात माझं घर आहे.

पांढऱ्या दाण्यांसारखं प्लास्टिक वितळवून, साच्यात फुंकून मला घडवलं. गालावर दोन रेषा उमटवल्या, एक वरची, एक खालची. माझं काम शेजारणीसारखं. इंजिन तापलं की त्याला थंड ठेवणारं हिरवं कूलंट फुगतं. जास्तीचं मी ठेवून घेते. इंजिन निवलं की रेडिएटर ते परत मागतो, मी देऊन टाकते.

सुरुवातीला माझं फार कौतुक होई. मालक भैयाजी रोज सकाळी माझा गाल फडक्यानं पुसत आणि म्हणत, "भरली हाये. चला!" पुढे धूळ बसली, मी पिवळी पडले, फडकं काचेपुरतं उरलं आणि माझी पातळी कोणी पाहीनासं झालं.

मग एका उन्हाळ्यात जंगलातल्या चढावर इंजिन तापलं. भैयाजींनी जीप कशीबशी फाट्यावर, गुणाबाईंच्या दारात आणली. गुणाबाई बाजारात भाजी विकतात, आमच्या नेहमीच्या प्रवासी. त्यांनी सगळ्यांना गडवाभर पाणी दिलं आणि इंजिन निवल्यावर एक गडवा माझ्यातही ओतला.

"दारात आलेल्याले पाणी देल्याशिवाय कसं जाऊ द्याचं?" त्या म्हणाल्या. "मंग तो मानूस असो का मोटार."

तेव्हापासून तो रिवाजच पडला. जीप थांबली, निवली, की कोणी ना कोणी लोटा, तांब्या, बाटली घेऊन हजर! असा पाहुणचार कुठल्या टाकीला मिळाला असेल? तरी चढावर इंजिन तापायचंच.

आरमोरीचा मिस्त्री राजदीप जीपखाली सरपटत जाऊन आला. जमीन कोरडी. तेलात पाणी मिसळलेलं नाही. धुरातही पांढरी वाफ नाही.

"भाऊ, पाणी जाते कुठी तेच समजत नाई. आता इंजिन खोला लागते."

"खोलल्यावर तरी सापडन का?"

राजदीपनं मान खाजवली. भैयाजींनी गाडी भंगारवाल्याला सांगून ठेवली. पुढच्या बाजाराच्या दिवशी तो येणार होता आणि भैयाजी नागपूरला दुसऱ्याची गाडी चालवायला जाणार होते. त्या संध्याकाळी त्यांनी बॉनेट इतक्या हळू लावलं की मला रडू यावं. पण टाकीला रडून कसं चालेल? पातळी उतरते ना!

त्याच आठवड्यात त्यांची भाची नंदिनी आली आणि त्यांच्यासोबत राजदीपच्या गॅरेजात गेली. ती नुकतीच बी.एस्सी. झाली होती. तिनं बॉनेट उघडून माझा गाल पुसला. किती दिवसांनी!

"मामाजी, टाकी तं भरलेली हाये."

"राहीनच. रस्त्यानं सारे टाकतेत पाणी."

"मंग गेलं किती, हे मोजलं कोणं?"

"कोणीच नाई," राजदीपनं कबूल केलं.

नंदिनी म्हणाली, "आणि साध्या पाण्याले ना रंग, ना वास. गळलं आन् वाळलं, तं खूण काय राहीन? आधी हिरवं कूलंट भरू. मंग जीप फिरवू. पण मधात थेंबभर पाणी कोणी टाकाचं नाई."

राजदीपला ते पटलं. त्यानं जुनं पाणी काढलं, हिरवं कूलंट भरलं. माझ्या गालावर नंदिनीनं पेनानं रेघ ओढली. आता अडचण एकच होती, गुणाबाई.

"तहानलेल्या गाडीले पाणी नाई द्याचं? हे कोन्तं शिक्षन वं पोरी?"

"बाई, चोर पकडाचा हाये. तुमी त्याच्या पावलाच्या खुणा पुसून टाकून राह्यल्या!"

गुणाबाई गडवा घेऊन थेट पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. "मंग पाहतेच मी, कोन पाणी टाकते ते!"

त्या दिवशी थांब्याथांब्यावर त्यांचा आवाज घुमला, "खबरदार! तांब्या खाली ठेव!" लोक हसून बेजार.

चढ चढून जीप परतली. इंजिन पूर्ण निवल्यावर पाहिलं, तर मी रेघेच्या दोन बोटं खाली उतरले होते. राजदीपनं गुणाबाईंच्या पिशवीतला छोटा आरसा मागून घेतला आणि इंजिनमागच्या सांदीत धरला. नंदिनीनं बॅटरीचा झोत टाकला.

"दिसला!" राजदीप ओरडला.

एका आखूड रबरी पाइपाच्या टोकाशी वाळलेल्या कूलंटची हिरवी खपली जमली होती. पाइप तापला की तिथून थेंब सुटायचे, खालच्या तापलेल्या सायलेन्सरच्या नळीवर पडायचे आणि वाफ होऊन उडून जायचे. जमिनीपर्यंत थेंब पोचतच नव्हता! इंजिन आतून ठणठणीत होतं. साध्या पाण्यानं पाइपाखालच्या लोखंडी तोंडाला गंज चढला होता, म्हणून पाइप नीट बसत नव्हता.

"म्हंजे माह्या गडव्यानं केलं हे?" गुणाबाईंचा चेहरा उतरला.

"तुमच्या गडव्यानं तं गाडी घरापावतर येत गेली, बाई," भैयाजी म्हणाले.

राजदीपनं गंज घासला, नवा पाइप, नवी क्लिप बसवली आणि मला पुन्हा रेघेपर्यंत भरलं. बाजाराच्या दिवशी जीप खचाखच भरून चढ चढली आणि माझी पातळी रेघेवरच राहिली. परतल्यावर पाहिलं, तर भंगारवाला वाट पाहत होता.

"गाडी विकाची नाई," भैयाजी हसले. "आलाच हायेस तं चाय पिऊन जा."

मित्रांनो, तुमच्याही गाडीत माझी एखादी बहीण असेल. इंजिन थंड असताना तिचा गाल पुसून पाहा. तापलेल्या रेडिएटरचं झाकण कधीच उघडू नका. कूलंट चवीला गोड पण विषारी असतं, ते शेळ्या-कुत्र्यांच्या वाटेत सांडू देऊ नका. आणि पातळी उतरली तर नुसतं भरून मोकळे होऊ नका. ते जातं कुठं, हे आधी विचारा.

फाट्यावर गुणाबाई अजूनही गडवा घेऊन येतात. बॉनेट उघडायला लावतात, माझी रेघ पाहतात, मान डोलावतात. मग तो गडवा भैयाजींच्या हाती देतात आणि भैयाजी तो तिथंच, उभ्या उभ्या, शेवटच्या थेंबापर्यंत पितात.