डॉक्टरांनी अर्धवट सोडलेलं इंजिन

मिस्त्रीच्या गॅरेजात कुणी बंद पडलेली गाडी ट्रकला बांधून ओढत आणणं हे नेहमीचंच. त्या सकाळी नवल वाटलं ते ट्रकच्या पुढच्या सीटवरून उतरलेल्या बाईचं. केस पिकले होते, चष्मा लागला होता, पण उतरण्याची तऱ्हा तीच, गाडी पुरती थांबायच्या आधी अर्धी बाहेर. मिस्त्रीनं हातातला पाना खाली ठेवला, परत उचलला आणि काहीच न करता परत ठेवला.

"ओळखलंस ना?" ती म्हणाली.

"न ओळखायला काय झालं? बसा ना, बसावं," तो म्हणाला, आणि त्या 'बसावं'नं स्वतःच ओशाळला. एके काळी दोघांत सरळ अरे-तुरे होतं. आता तोंडातून 'तू' निघेना आणि 'तुम्ही' म्हणताना जीभ अडखळे. म्हणून मग तो पुढे बरेच दिवस कर्ताच गाळून बोलत राहिला.

तिला तेव्हा सगळे भिंगरी म्हणत. घाटरस्त्यानं डोंगरावर गाड्या पळवायच्या शर्यती व्हायच्या. भिंगरी गाडी चालवायची आणि तिचं इंजिन मिस्त्री बांधायचा. शर्यतीच्या दिवशी तो खाली निशाणापाशी कधी थांबला नाही. वरच्या शेवटच्या वळणाला एकटाच जाऊन बसायचा. गाडी दिसायच्या कितीतरी आधी तिचा आवाज यायचा, आणि कुठल्या वळणाला तिनं गिअर कधी टाकला हे त्याला डोळे मिटून कळायचं. तिच्याशी काय बोलायचं ते मनात जुळवून तो डोंगर उतरायचा, आणि खाली पोचल्यावर बोलायचा ते प्लगबद्दल, नाहीतर टायरमधल्या हवेबद्दल.

मग एका सरावात गाडी कठड्याला घासली, स्टिअरिंगवर तोंड आपटलं आणि भिंगरीचा पुढचा दात तुटला. मिस्त्रीनंच तिला दातांच्या डॉक्टरकडे नेलं. बाहेरच्या बाकावर तो तिचा रक्ताळलेला रुमाल हातात धरून बसला होता. आत तो तरुण डॉक्टर काहीतरी बोलत होता आणि तुटक्या दाताची ती बाई हसत होती. ते हसणं दाराबाहेर स्वच्छ ऐकू येत होतं. वर्षाच्या आत तिनं त्या डॉक्टरशी लग्न केलं. "आपल्या हातानं नेऊन पोचती केलीस," असं मिस्त्रीची थोरली बहीण अजूनही म्हणते. गॅरेजच्या वरच्या खोल्यांत ती भावाबरोबर राहते. त्याच्या लग्नाचा विषय तिनं केव्हाच सोडला, टोमणा मात्र सोडलेला नाही.

डॉक्टर गेल्या हिवाळ्यात वारले होते. ही गाडी त्यांची, बुटकी, दोन दारांची, रंग उडालेली. बॉनेटखाली नुसती पोकळी. इंजिन ट्रकच्या मागच्या बाजूला सुटं पडलं होतं, आणि त्याच्याशेजारी त्याच कंपनीच्या व्हॅनचं मोठं इंजिन, तडा गेलेलं. त्या मोठ्या इंजिनातला क्रँक काढून छोट्या इंजिनात बसवायचा हा डॉक्टरांचा ध्यास होता. क्रँक म्हणजे इंजिनाच्या तळाशी फिरणारा तो वाकड्यातिकड्या अंगाचा लोखंडी दांडा. पिस्टन वर-खाली धावतात, त्याची फिरकी हा करतो. मोठ्या इंजिनाचा क्रँक पिस्टनला लांब पल्ल्यानं पळवतो, म्हणजे इंजिन तेच, हलकं आणि छोटं, पण छाती पैलवानाची.

ज्याला विचारलं त्यानं त्यांना वेड्यात काढलं, असं तिनं सांगितलं. तरी दवाखाना बंद असला की डॉक्टर शेडमध्ये जाऊन बसायचे ते जेवायला हाक मारेपर्यंत. आता तिनं घर विकलं होतं. मुलगी दूर समुद्रकाठच्या एका शहरात राहत होती, तिच्याजवळ जाऊन राहायचं ठरलं होतं. सामान पुढे गेलं होतं. ती स्वतः गाडीचं काम होईपर्यंत एका मैत्रिणीकडे उतरली होती.

"ते म्हणत होते ते होतं का, एवढंच मला बघायचंय," ती म्हणाली. "होत असेल तर गाडी मी चालवत नेईन. होत नसेल तर तसं सांग, मी वाईट वाटून घेणार नाही."

मिस्त्री म्हणाला, बघतो. खरं सांगायचं तर डॉक्टरचं काम कच्चं निघावं असं त्याला फार वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं छोट्या इंजिनाचा ब्लॉक, म्हणजे सिलिंडर असलेला लोखंडी सांगाडा, टेबलावर उलटा घातला आणि आत दिवा धरला. लांब पल्ल्याचा क्रँक फिरताना त्याची जाड अंगं ब्लॉकच्या भिंतींना लागतात, म्हणून त्या भिंती आतून कोराव्या लागतात. कमी कोरलं तर क्रँक अडकतो. जास्त कोरलं तर भिंतीपलीकडे पाण्याची वाट असते, तिला भोक पडतं आणि ब्लॉक भंगारात जातो. डॉक्टरनं कोरलं होतं ते दाढ कोरावी तसं. एकेक खाच गुळगुळीत, कडा बोटाला न जाणवणारी. तीन सिलिंडरांखालच्या खाचा पुऱ्या होत्या, चौथीला नुसता हात लावलेला. मिस्त्रीनं त्या तिन्ही खाचांवरून बोट फिरवलं आणि बराच वेळ फिरवतच राहिला. ज्या माणसाचा इतकी वर्षं मनातल्या मनात रागराग केला, त्याच्याशी एखादी दुपार बसून बोलायला मिळाली असती तर किती मजा आली असती, असं त्याला वाटून गेलं. अशा कामाबद्दल बोलायला त्याला सबंध गावात कोणी नव्हतं.

त्यानं पाण्याच्या वाटा बुजवल्या, आत हवा भरली आणि ब्लॉक पाण्याच्या पिंपात बुडवला. भिंगरी शेजारी उभी राहून वाकून पाहत होती. एकही बुडबुडा आला नाही. तिनं चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. मिस्त्री म्हणाला, "होईल. त्यांनी केलंय ते बरोबर केलंय." हे वाक्य बोलायला त्याला जड गेलं, पण बोलून झाल्यावर हलकं वाटलं.

मग ती रोज यायला लागली. मोठ्या क्रँकची बेअरिंगमध्ये बसणारी अंगं छोट्या ब्लॉकला जाड होत होती. ती गावातल्या ग्राइंडिंगवाल्यानं मापात घासून दिली. क्रँक पिस्टनला जास्त वर नेणार, म्हणून डोक्याकडून बुटके पिस्टन हवे होते. ते डॉक्टरांनी आधीच करवून, तेल लावून, कागदात गुंडाळून ठेवले होते. राहिली होती चौथी खाच. ती मिस्त्रीनं कोरली आणि भिंगरीनं दिवा धरला. पहिल्या तिन्हींसारखी दिसावी म्हणून तो तिच्यावर इतका वेळ खपला की शेवटी ती म्हणाली, "आत कोण बघणारेय?" तो कोरतच राहिला. डॉक्टरनं पाहिलं असतं, असं त्याच्या मनात आलं होतं.

काम करताना ती नवऱ्याबद्दल बोलायची. पेशंटला हसवता हसवता इंजेक्शन कसं टोचायचे, घाटातल्या शर्यतीत ती उतरली की काळजीनं उलट्या कशा करायचे, पण एकदाही येऊ नको म्हणाले नाहीत. मिस्त्री ऐकायचा. त्या बोलण्यात तो स्वतः कुठेच नव्हता, तरी ते संपू नये असं त्याला वाटायचं. दुपारी बहीण चहा घेऊन खाली यायची, दोघांकडे आळीपाळीनं बघायची आणि कप घेऊन वर जायची. तिचं हे न बोलणं फार दिवस टिकणारं नव्हतं.

क्रँक बसवून पहिल्यांदा हातानं फिरवला तेव्हा एका ठिकाणी 'टक' असा बारीक आवाज आला. सगळं परत उघडावं लागलं. क्रँकचं एक अंग भिंतीला निसटतं लागत होतं. मिस्त्रीनं तिथली भिंत आणखी थोडी घासली. हे कारण खरं होतं. त्या निमित्तानं आणखी दिवस मिळाले, आणि ते दिवस मिस्त्रीला गोड लागले. तिथेच घोटाळा झाला.

पुढच्या वेळी क्रँक बसवला तेव्हा तो कुठेच लागत नव्हता. तरी मिस्त्री कपाळाला आठ्या घालून म्हणाला की बेअरिंग आवळ वाटतंय. त्यानं क्रँक काढला आणि ग्राइंडिंगवाल्याकडे पाठवला. ग्राइंडिंगवाल्यानं फोन करून विचारलं, ह्यात करायचं काय? आता हात लावला तर बिघडेल. मिस्त्री हळूच म्हणाला, काही करू नकोस, नुसता ठेवून घे. क्रँक परत आला तेव्हा त्याला ऑइलची वाट कोंदल्यासारखी दिसली. ती साफ करून क्रँक बसवला तर एका बोल्टाचे आटे बरे वाटेनात.

बहिणीनं सगळं वरून पाहिलं होतं. जेवायला वाढता वाढता ती म्हणाली, "लेकराला शाळेत धाडवत नाही म्हणून आई रोज त्याला ताप आणते, तसं चाललंय तुझं त्या इंजिनाशी."

मिस्त्रीनं मान खाली घालून जेवण उरकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आतून बोल्ट घेऊन आला तर भिंगरी टेबलापाशी उभी होती. क्रँकच्या टोकाला पाना लावून ती तो एका हातानं गरगर फिरवत होती.

"लोण्यासारखा फिरतोय," ती म्हणाली. "कुठे आवळ आहे हा?"

मिस्त्रीनं हातातला बोल्ट टेबलावर ठेवला.

"त्या दिवशीही नव्हता."

"नव्हता," तो म्हणाला.

"मग?"

"मग काय. काम झालं असतं. तू गेली असतीस."

'तू' आपसूक निघून गेलं होतं. त्याला ते बोलल्यावर कळलं. तिनं पाना खाली ठेवला, चिंधी घेऊन बोटं एकेक करून पुसली. तिला राग आलाय की काय, हे त्याला समजेना. तिच्या चेहऱ्याकडे पाहायचं धाडस होत नव्हतं, म्हणून तो तिच्या हातांकडे पाहत राहिला.

"मला तेव्हाच कळलं होतं," ती म्हणाली. "तू चहा सांगायला वर गेलास तेव्हा मी फिरवून बघितला होता. त्यानंतरही मी रोज आले. का आले ते मला विचारू नकोस, माझं मलाच नीट सांगता येणार नाही. अजून त्यांचे कपडेसुद्धा कुणाला दिलेले नाहीत मी." तिनं चिंधी टेबलावर ठेवली. "पण आता हे पुरं कर. मुलगी वाट बघतेय."

मिस्त्रीनं मान हलवली आणि कामाला लागला. मग कुठल्याच बोल्टाचे आटे वाईट निघाले नाहीत.

इंजिन गाडीत चढलं आणि पहिल्यांदा चावी फिरवायची वेळ आली, तेव्हा त्यानं तिला आत बसवलं आणि स्वतः बॉनेटपाशी उभा राहिला. इंजिन दोनदा खोकलं आणि सुरू झालं. छोट्या इंजिनाचा तो कुरकुरणारा बारीक आवाज नव्हताच, आवाज खालून, पोटातून येत होता, भरदार आणि एकसारखा. मिस्त्रीनं हाताचा पंजा इंजिनावर ठेवला. काही थरथर, काही वावगं जाणवतं का ते पाहिलं. वावगं काही नव्हतं. काचेमागे भिंगरी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून रडत होती, आणि रडताना तिची नजर ऑइलचा दाब दाखवणाऱ्या काट्यावरून हलली नव्हती.

"बस," ती खिडकीतून म्हणाली.

तो तिच्या शेजारी कधीच बसला नव्हता. इतक्या शर्यती, इतकी इंजिनं, पण त्याची जागा नेहमी रस्त्याच्या कडेला. दोघं गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्याला लागले. नवं बांधलेलं इंजिन आधी सबुरीनं चालवायचं असतं, त्यामुळे ती मोठ्या कष्टानं पाय आवरत होती. गिअर टाकण्याच्या क्षणी ती ओठ किंचित आवळते, हे त्याला त्या दिवशी कळलं. डोळे मिटून कळलं नसतं असं तेवढं एकच होतं, आणि ते त्यानं डोळे उघडे ठेवून पोटभर पाहिलं. परतेपर्यंत दोघं इंजिनाबद्दलही बोलले नाहीत.

निघायच्या दिवशी त्यानं सांगितलं की गाडी जरा पळाली की पहिलं ऑइल बदलावं लागेल. त्यात लोखंडाचा कीस दिसला तर आत काहीतरी घासतंय असं समजायचं, मग इंजिन उघडावं लागेल आणि गाडी इथेच आणावी लागेल. ती म्हणाली, हो. बहिणीनं तिला वाटेत खायला डबा दिला. वळणावरून गाडी दिसेनाशी झाली, तरी मिस्त्री फाटकाशी उभा होता. बहिणीनं त्या दिवशी एकही टोमणा मारला नाही, आणि त्याला तेच जास्त लागलं.

नंतर तो वाट पाहत राहिला. गिऱ्हाईक बोलत असताना मध्येच त्याचं लक्ष रस्त्याकडे जायचं. आपल्याच हातून कुठे काही कमी राहिलं असेल का, हे तो आठवून पाहायचा, आणि काहीच कमी राहिलेलं नाही हे आठवून त्याला उदास वाटायचं. उभ्या आयुष्यात आपलं काम वाईट निघावं असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

शेवटी फोन आला. ऑइल तिनं स्वतःच बदललं होतं, मुलीच्या दारात, गाडीखाली झोपून. जुनं ऑइल पांढऱ्या फडक्यातून गाळलं, लोहचुंबक फिरवून पाहिलं. कीस नाही, कण नाही. चढावर गाडी अशी उचलते की जावई दाराचं हँडल सोडत नाही. ती हसत सांगत होती आणि मिस्त्री हं, हं म्हणत होता.

"तक्रारीला जागाच ठेवली नाहीस," ती म्हणाली.

"हं."

फोन ठेवायची वेळ आली होती. जिन्यावर बहीण उभी होती, तिनं मान दुसरीकडे वळवली.

"मग मीच येऊ का?" मिस्त्री म्हणाला. "गाडीचं काही नाही. असंच."

तिनं नको म्हटलं तर 'बरं' म्हणून फोन ठेवून द्यायचा, असं त्यानं ठरवलं.

"ये," ती म्हणाली. "पण हत्यारं आणू नकोस."

आठवड्याच्या शेवटी त्यानं गॅरेजला कुलूप लावलं. बहिणीनं शर्टाला इस्त्री करून दिली आणि नखांतलं काळं काही निघत नाही म्हणून कुरकुरली. बसमध्ये त्याला खिडकीजवळची जागा मिळाली. हातात धरायला काही नव्हतं. सुरुवातीला त्यानं हात मांडीवर ठेवले, मग पुढच्या सीटच्या दांड्यावर, मग परत मांडीवर. बस गावाबाहेर पडली आणि मोकळ्या रस्त्याला लागली.