टेकडीकडे तोंड

रुमालाच्या कोपऱ्यातली ती रेघ अजून गेली नव्हती – इस्त्री फिरवताना मेरियल दर वेळी तिथे थांबते, दर वेळी तिला वाटतं की या धुण्यात गेली असणार, आणि नाही. केसाएवढी, राखाडी, एका टोकाला काटकोनात वळलेली. एकतीस वर्षांपूर्वीची शाई. ट्रेसिंगचं कापड गरम पाण्यात भिजवलं की त्याची खळ निघून जाते आणि उरतं ते इतकं तलम, की हॅदरवेलमधल्या आर्किटेक्टांकडे नकाशे गिरवणाऱ्या मेरियलसारख्या सगळ्या मुली टाकाऊ नकाशे घरी न्यायच्या, रुमाल शिवायच्या, भाचरांची झबली शिवायच्या... नकाशावर त्यांची नावं कधीच नसत. नाव आर्किटेक्टचं.

या रुमालाचा नकाशा मात्र टाकाऊ नव्हता. तो तिच्या कचेरीतल्या आर्किटेक्टने, मिस्टर गार्थनी, स्वतः तिच्या हातात दिला होता.

गावातल्या औषधी झऱ्याचं ते सडक्या अंड्यांच्या वासाचं पाणी पिऊन झालं की लोकांनी जरा उन्हात बसावं, म्हणून बागेत एक निवारा बांधायचा होता. बागेचा नकाशा एका कागदावर, निवाऱ्याचा आराखडा दुसऱ्या छोट्या कागदावर. बागेच्या नकाशात जागेची फिकट चौकट आखलेली, त्यावर छोटा कागद बसवायचा, वर कापड ताणायचं आणि गिरवायचं. वीस वर्षांच्या मेरियलने गिरवलं. गार्थ फ्लूने पंधरा दिवस अंथरुणात होते, आणि उठून बागेत गेले तेव्हा भिंती कमरेपर्यंत आल्या होत्या – व्हरांडा दक्षिणेला नाही, उत्तरेला, टेकडीकडे तोंड करून. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. ती शेजारीच उभी होती. ‘‘ऊन कुठे गेलं?’’ असं ते म्हणाले, एवढंच, एखाद्या हरवलेल्या माणसाबद्दल विचारावं तसं.

संध्याकाळी कचेरीत, तिच्याकडे न बघता – ‘‘छोटा कागद उलटा ठेवला गेला असणार, मिस प्रॉसर. बहुतेक.’’ ती रडायला लागली, तेव्हा त्यांनी कापड गुंडाळून तिला दिलं. ‘‘घरी न्या, धुऊन टाका. रुमाल छान होतील.’’ आणि पुढच्या आठवड्यात नगरपालिकेच्या सभेत उभं राहून त्यांनी सांगितलं, की आजाऱ्याला डोळे दिपवणारं ऊन नको, टेकडीची हिरवी शांतता हवी, म्हणून व्हरांडा मुद्दाम तिकडे केला आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून गावाच्या प्रत्येक माहितीपुस्तिकेत तेच छापलेलं असतं.

माझ्यासाठी ते खोटं बोलले. एवढ्या एका वाक्यावर मेरियलने एकतीस वर्षं काढली होती, लग्नाशिवाय, आणि फारसं काही कमी आहे असं न वाटता.

दहा वाजता फिलिपा आली, गार्थांची मुलगी. वडील गेल्यापासून ती घर आवरत होती. निवाऱ्यावर त्यांच्या नावाची पाटी लागणार होती, आणि कचेरीतलं जुनं माणूस आता मेरियलच उरली होती.

‘‘आंटी, मजकूर एकदा बघा बरं. ‘मुद्दाम’ शब्द ठेवलाय मी. गावाच्या इतिहास सोसायटीतला एक जण म्हणे पुरावा काय. म्हटलं, थांब तू.’’ तिने पिशवीतून एक कागद काढून टेबलावर उलगडला. ‘‘हा बघा पुरावा. नकाशांच्या कपाटात अगदी तळाशी होता.’’

बागेचा नकाशा. पेन्सिलीचा, त्यांच्या हातचा. फिकट चौकट, आणि चौकटीच्या आत एका कडेला व्हरांड्याची अरुंद पट्टी – टेकडीच्या बाजूला.

‘‘म्हणजे पहिल्यापासून हेच त्यांच्या मनात होतं. हो ना?’’

पट्टी पाहून तर मी छोटा कागद बसवला होता... पट्टीला पट्टी जुळवून, दोनदा तपासून... हाताला आठवत होतं ते, डोक्यानेच इतकी वर्षं ऐकलं नाही. कागद उलटा ठेवलाच नव्हता. त्यांनीच पट्टी चुकीच्या बाजूला आखली होती, आणि चूक लक्षात आल्यावर हा कागद कपाटाच्या तळाशी घातला होता, आणि कापड – कापड मला धुवायला दिलं होतं. बहुतेक, म्हणाले होते. तो ‘बहुतेक’ तिने कधी मोजलाच नव्हता.

‘‘आंटी, बरं वाटत नाहीये का?’’

‘‘ठीक आहे मी. मजकूर छान झालाय,’’ मेरियल म्हणाली. ‘‘शब्द राहू दे.’’

तिला राग आला का? आला. पण तो कुठे ठेवावा ते कळेना, कारण घाबरलेल्या त्या अडतीस वर्षांच्या माणसाची तिला त्याच वेळी माया वाटत होती – समोर रडणाऱ्या वीस वर्षांच्या मुलीकडे बघायची हिंमत नव्हती त्याची, आणि खोटं सांगतानाही धड सांगता आलं नाही.

दुपारी ती थर्मास घेऊन निवाऱ्यात गेली. रोज जाते. मार्चचा वारा टेकडीवरून सरळ व्हरांड्यात घुसत होता, आणि बस चालवून निवृत्त झालेला टॅन्सली कोटाची कॉलर वर करून बसलेला होता.

‘‘ज्याने हे बांधलं ना, त्याची पाटी लावण्यापेक्षा त्यालाच जानेवारीत इथे बसवायला हवं होतं,’’ तो म्हणाला आणि नेहमीसारखा कपासाठी हात पुढे केला.

अशा बोलण्यावर ती इतकी वर्षं मनातल्या मनात माफी मागत आली होती. चहा त्यासाठीच होता; इथे कुडकुडणारा प्रत्येक म्हातारा तिचा पाहुणा होता, त्याच्या गुडघ्यांची कळ तिच्या हिशेबात होती. आर्किटेक्टांच्या या गावात दगडावर दगड ठेवून नावं कोरणारे पुष्कळ. तिची मात्र ही एकच चूक होती, पण होती, चांगली चाळीस फूट लांब, खांबांसकट.

तिने पहिला कप स्वतःसाठी ओतला.

‘‘अरेच्चा. आज काय झालं?’’

‘‘काही नाही. थंडी वाजतेय.’’

‘‘तुला? तुला तर इथे कधी वाजत नाही.’’

खरंच, कधी वाजली नव्हती. तिने कप दोन्ही हातांत धरला, समोर टेकडी होती तशीच होती, आणि बाकावर ती बसली होती टॅन्सलीसारखीच, कुणीतरी बांधलेल्या जागेत आलेली एक बाई. चूक माझी नव्हती, तिने मनात म्हणून पाहिलं. पुन्हा म्हणून पाहिलं. खिशातल्या रुमालाच्या कोपऱ्यावर तिचा अंगठा त्या रेघेवरून फिरत राहिला, इतकी वर्षं जपलेल्या आणि आता परत द्यायला सांगितलेल्या वस्तूवरून फिरावा तसा.