जागा राखणारी दाढ

मी एक जुनी दाढ आहे. वय विचाराल तर जेमतेम पाच वर्षं. पण मित्रांनो, दुधाच्या दाढेला म्हातारपण लवकर येतं. उचगावच्या आदितीच्या डाव्या गालाआड मी उगवले, तेव्हा घरात माझं केवढं कौतुक झालं. भाकरी, शेंगदाणे, सगळं मी हौसेनं चावलं.

आदितीचे वडील बाबासो गुळाचे व्यापारी. औषध कडू लागलं की लेकीच्या गालात गुळाचा खडा ठेवायचा आणि झोपवायचं, ही घरची रीत. तो खडा माझ्या अंगावर विरघळायचा. आधी काळा ठिपका पडला, मग खड्डा.

"दुधाचीच दाढ की. पडणारच हाय," बाबासो म्हणाले.

ठणका लागला तेव्हा शेजारच्या काकू फ्रिजातली उरलेल्या औषधाची बाटली घेऊन आल्या. "आमच्या पोराच्या, अनेकांतच्या घशाला दिलतं. चमचाभर दे, पोरगी गप झोपंल."

खरंच दुखायचं थांबलं, म्हणून औषधही थांबलं. वर गुळाचा खडा मिळाला तो वेगळाच. माझ्या पोटातली कीड मात्र होती तिथंच होती. पुढं आदितीचा गाल फुगला, ताप भरला, घास गिळवेना.

तेव्हा कुठं दातांच्या डॉक्टर अवंतिकाबाईंकडे नेलं.

"मागं त्या बाटलीनं गुण आलता की," आई म्हणाली.

"औषध दाढेतला खड्डा बुजवत नाही, ताई. आणि अर्धवट घेतलं, की उरलेले जंतू त्याला जुमानत नाहीत."

"मग उपटूनच टाका," बाबासो म्हणाले.

"बाबासो, बाजारात तुमची जागा मोकळी दिसली तर शेजारचे काय करतील?"

"आपल्या ढेपा सरकवतील की."

"शेजारच्या दाढाही तेच करतात. खालून पक्की दाढ येतेय, तिनं बसायचं कुठं?"

बाबासोंनी उपटायचा हट्ट सोडला. व्यापाऱ्याला जागेची भाषा लगेच कळते.

या वेळचं औषध डॉक्टरांनी आदितीचं वजन करून दिलं, आणि आईनं ते सांगितलं तितकं पुरं दिलं. सूज उतरल्यावर डॉक्टरांनी माझ्या पोटातली कीड कोरून काढली. तेव्हा आदिती बाबासोंचं बोट घट्ट धरून होती. घाम मात्र त्यांनाच फुटला होता. आता माझ्या डोक्यावर स्टीलची टोपी आहे.

मित्रांनो, दुखायचं थांबलं म्हणजे दाढ बरी झाली असं समजू नका. दुसऱ्याचं उरलेलं औषध घेऊ नका. दात घासल्यावर गोड खाऊन झोपू नका. आणि आम्हाला 'दुधाचेच' म्हणून हिणवू नका.

खालची येईपर्यंत मी इथून हलणार नाही. ती आली, की मला कुणी उपटायला नको. माझी मी जाईन.