चरबीचे सहा पेले

हज करून आलेल्या हाज्जा फौकियाच्या बैठकीत त्या दुपारी सव्वीस बायका होत्या, सहा पांढरे चिनी मातीचे पेले, एक मेणबत्ती आणि चरबीने भरलेल्या चौदा बरण्या. प्रत्येक बरणीवर मालकिणीचं नाव. मन्सूरा शहरातली निम्मी पोटं फळीवर मांडलेली. उरलेली रांगेत बसलेली.

रबाबची आई, इन्शिराह, पंधराव्या बरणीची वाट पाहत होती. सर्जनने तिला सांगितलं होतं, हटून बसलेली चरबी लायपोसक्शनने काढता येते. पण वजन उतरवायचा तो उपाय नव्हे, आणि आधी साखर आटोक्यात हवी. पेल्याने पोटाची चरबी ओढून काढणाऱ्या हाज्जाची अट एकच : इन्सुलिन बंद. ते म्हणे चरबीला आतून कडी लावतं. आईने चार दिवस सुई टोचली नव्हती आणि सकाळपासून ती घटाघटा पाणी पीत होती.

हाज्जाने पेल्यात मेणबत्ती फिरवली आणि पेला एकीच्या पोटावर उपडा दाबला. काचेचे पेले तिला चालत नसत. काचेतून दृष्ट लागते म्हणे. पेला निघाला तेव्हा पोटावरून पिवळसर चरबी ओघळत होती.

"सुरी नाही, टाका नाही," हाज्जा म्हणाली. "चरबी आपल्या पायांनी चालत येते."

चरबीला पाय असतात हे रबाबला रसायनशास्त्राच्या चार वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं. शिवाय त्या चरबीला मस्तकीचा वास येत होता. मटणाचा उग्रपणा मारायला घरोघरी रश्श्यात टाकतात, तोच सुगंधी डिंक. माणसाच्या पोटात ती कोण टाकतं?

आईचा नंबर आला तशी रबाबने कुणीतरी भेट आणलेलं कलिंगड उचललं.

"हाज्जा, आधी याची काढा."

"पोरी, कलिंगडाला कसली चरबी?"

"नसेल तर येणार नाही."

बायका हसल्या. हाज्जा म्हणाली, वजू केल्याशिवाय, नमाजाआधी धुतात तसे हातपाय धुतल्याशिवाय पेल्याला हात लावलास तर गुण जाईल. रबाब म्हणाली, नमाज पढूनच आलेय. तिने पेला तापवून कलिंगडावर दाबला. हिरव्या सालीवरून चमचाभर चरबी ओघळली.

"अगं बाई," मागून एक म्हातारी म्हणाली, "कलिंगड सडपातळ झालं की."

रबाबने दुसरा पेला घेऊन आतून नखाने खरवडला. पांढऱ्या पेल्याला पांढराच थर : मेंढीच्या शेपटीची चरबी, मस्तकी घालून कढवलेली. पेला तापला की ती वितळून पिवळसर होते. पेल्यातली हवा निवून आकसते, म्हणून कातडी वर ओढली जाते. एवढंच. हाज्जा तोवर पेले गोळा करू लागली होती.

"आई, जे कलिंगडातूनही निघतं ते या बायकांच्या पोटातूनच निघालं कशावरून? चमत्कार दिसला की आधी तो दुसऱ्या कशावर करून बघायचा. मग विश्वास."

आईने कलिंगडावरची चरबी बोटाने पुसून हुंगली. "मग माझं पोट?"

"पोट राहू दे. आधी बोट दे."

रबाबने पर्समधून साखर मोजायचं यंत्र काढलं. आईने बोट पुढे केलं, रक्ताचा थेंब पट्टीवर टेकला आणि पडद्यावर आकडा उमटला : ४१८.