थेंब कोणत्या बाजूचा?

मित्रांनो, मी एक जुनी भिंत आहे. भाड्याच्या घरातल्या मागच्या खोलीत उभी असते. भिंतींना कान असतात हे तुम्ही ऐकलेच असेल. पण तोंड नसते, आणि त्यापायी मला काय काय सोसावे लागले ते आज सांगते.

गवंड्याने ओळंबा लावून मला उभे केले, तेव्हा सगळे म्हणाले, “भिंत असावी तर अशी!” त्या कौतुकाने मी फुगले होते. पुढे ओलीने फुगले, ती गोष्ट वेगळी.

माझ्या पलीकडे घरमालकांचे न्हाणीघर आहे. तिथल्या नळाचा पाइप माझ्या पोटातून जातो. तो झिरपू लागला ते मला पहिल्याच दिवशी कळले, पण सांगणार कशी? माझे पोपडे सुटू लागले. घरमालकांनी ते खरवडून वर रंग फासला. दर वर्षी तेच. दुखणे तसेच आणि अंगावर नवे कपडे!

मग इकडे इस्त्रीवाल्या ताई आणि त्यांची आठ वर्षांची लेक चिमणी राहायला आल्या. ताई याच खोलीत इस्त्री करायच्या. झरोक्यातून धूळ येऊन पांढऱ्या कपड्यांवर बसते, म्हणून त्यांनी झरोक्याला पुठ्ठा ठोकला. दिवसभराची वाफ आतच कोंडू लागली आणि माझ्या कोपऱ्यात काळी बुरशी आली. मालक घर सोडायला सांगतील या धास्तीने ताईंनी माझ्यापुढे कपाट सरकवले. झाकली मूठ सव्वा लाखाची असेल. झाकलेली भिंत मात्र कुजत जाते.

चिमणीची गादी त्या कपाटाशेजारीच होती. तिचा खोकला थांबेना. रोज ऐकून माझा जीव तुटायचा. शेवटी डॉक्टरांनी विचारले, “घरात कुठे ओल आहे का?” ताईंनी घरी येऊन कपाट ओढले आणि घरमालकांना बोलावले.

“हा तुमच्या वाफेचा प्रताप!” घरमालक म्हणाले.

“पाइप तुमचा आहे, काका. माझी इस्त्री काय भिंतीला पाणी पाजते?”

“पटत नसेल तर दुसरं घर बघा.”

ताईंची सगळी गिऱ्हाइके याच गल्लीतली. आजारी लेकीला घेऊन त्या जाणार तरी कुठे?

पुन्हा रंग द्यायला बोलावलेले गवंडीमामा दारात उभे राहून ऐकत होते. ते म्हणाले, “तुम्ही कशाला भांडता? भिंतीलाच विचारू की.”

त्यांनी प्लॅस्टिकचा एक चौकोनी तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून माझ्यावर बसवला. “दोन दिवस हात लावायचा नाही. थेंब आतल्या बाजूला आले, तर पाणी भिंतीतलं, काम मालकांचं. बाहेरून आले, तर वाफ खोलीतली, काम ताईंचं.”

मित्रांनो, उभ्या आयुष्यात मला कुणी काही विचारले नव्हते!

दोन दिवसांनी सगळे जमले. चिमणीने प्लॅस्टिकवरून बोट फिरवले. “बाहेर ओलं आहे.”

घरमालक मिशीतल्या मिशीत हसले. मामांनी चिकटपट्टी सोडवली, तर आतूनही थेंब ओघळले. मालकांचे हसू तिथेच विरले.

मग घरमालक हळूच म्हणाले, “दर वर्षी नुसता रंगच देत आलो मी. पाइप माझा. मी बदलतो.”

“आणि पुठ्ठा माझा,” ताई म्हणाल्या. “कपाट मी लपवायलाच लावलं होतं, काका. घर जाईल म्हणून भ्यायले.”

“घर कुठे पळून जातंय? आधी सांगायचं ना! पोरीच्या छातीपर्यंत कशाला जाऊ दिलं?” एवढे बोलून ते स्वतःच खजील झाले. “मीही तोंडाला येईल ते बोललो. मनावर घेऊ नका.”

हुश्श! पाइप बदलला. माझा ओला गिलावा काढून मला महिनाभर उघडे ठेवून सुकू दिले. तेवढे दिवस चिमणी पुढच्या खोलीत झोपली. कपड्यांवर धूळ बसू नये म्हणून झरोक्याला बारीक जाळी बसली, आणि वाफेला वाट मिळाली.

मित्रांनो, भिंतीवर डाग दिसला, तर तो रंगाने किंवा कपाटाने झाकू नका. चूक कुणाची ते मागाहून ठरेल, आधी एकमेकांना सांगा.

काल चिमणी शाळेतून आली आणि मला पाठ टेकून मोठ्याने धडा वाचत बसली. अख्खा धडा वाचला तिने. मध्ये एकदाही खोकली नाही.